रेडी रेकनर वाढला, आता घरटॅक्सही वाढणार का?

हुडकेश्वरवाले

नमस्कार मंडळी. आमची वस्ती ग्रामपंचायतीत होती तेव्हा घरपट्टी भरणं म्हणजे दहा मिनिटांचं काम होतं. नागपूर मनपात आल्यापासून डिमांडचा (कराच्या मागणीचा) कागद चष्मा लावूनही समजत नाही. मागे पोरासाठी वर दोन खोल्या काढल्या. खाली समोरच्या खोलीत सूनबाईचं पार्लर आहे. पार्लर म्हणजे काय, एक खुर्ची अन् एक आरसा! आता कर आकारणी बदलण्याची नोटीस आली आहे, त्यात खालचा काही भाग 'अनिवासी' धरला आहे.

इकडे 1 एप्रिल 2025 पासून रेडी रेकनर, म्हणजे जमीन-घरांचे सरकारी दर, वाढला, नागपुरात सरासरी 4.23 टक्के. चौकात सगळे म्हणून राहिले की घरटॅक्सही तेवढाच वाढणार. राज्याचा अर्थसंकल्प 10 मार्च 2025 ला आला, मी पूर्ण भाषण ऐकलं. आमच्यासारख्या पेन्शनवाल्या घरमालकासाठी त्यात काही सापडलं नाही. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घराला 2022 पासून मालमत्ता कर माफ आहे, मग नागपूरनं काय घोडं मारलं? आणखी एक. पाण्याचं बिल तर वेगळं येते, मग या कागदात 'पाणी लाभ कर' काऊन?

इतवारीचा दुकानदार

भाऊ, वाढणार. आज नाही तर उद्या. मनपाजवळ दुसरं राहिलं काय? पारडी नाक्यावर गाड्यांची रांग लागायची ते दिवस आठवा. जकात गेली, एप्रिल 2013 पासून एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला. आम्ही व्यापाऱ्यांनी त्याच्या नावानं बोंबा मारल्या, तेव्हा ऑगस्ट 2015 मध्ये 50 कोटींच्या आतल्या उलाढालीवाल्यांचा तोही सुटला. 2017 ला जीएसटी आला. आता मनपा दर महिन्याला मुंबईकडून भरपाईचा हप्ता येण्याची वाट पाहते. तो हप्ता राज्याच्या तिजोरीतून येतो, अन् याच अर्थसंकल्पात त्या तिजोरीची महसुली तूट 45,891 कोटी दाखवली आहे. स्वतःच्या हातानं वसूल करता येईल असं मोठं खातं एकच उरलं, ते म्हणजे तुमचं-आमचं घर. जकात गेली तेव्हा पेढे वाटणाऱ्यांत मीही होतो, पण ते पैसे कोणाच्या तरी खिशातून येणारच होते ना.

धंतोली टॅक्सवाला

मी वकील नाही. एका सीएकडे मालमत्ता कराच्या फायली पाहतो. काका, चौकातलं ऐकू नका.

रेडी रेकनरचं भूत आधी उतरवा. मुंबईत 2010 पासून भांडवली मूल्यावर कर आहे, तिथे रेकनरचा थेट संबंध येतो. नागपुरात कर भाडेमूल्यावर लागतो. घर भाड्यानं दिलं तर वर्षाला किती येईल याचा हिशेब मांडतात, त्यातून दुरुस्तीचे 10 टक्के वजा करतात, उरतं ते करयोग्य मूल्य. भाडेमूल्य 20,000 धरलं तर करयोग्य मूल्य 18,000. सगळे कर त्या 18,000 वर टक्क्यांनी बसतात. रेकनर वाढल्यानं उद्या तुमच्या शेजाऱ्याला रजिस्ट्रीला जास्त पैसे लागतील, तुमची डिमांड त्यामुळे हलत नाही. तुमचं मूल्य वाढणार ते वरच्या दोन खोल्यांमुळे अन् त्या खुर्ची-आरशामुळे.

आता डिमांडचे रकाने पाहा. सामान्य कर, अग्निशमन, वृक्ष कर वगैरे मनपाचे. पण शिक्षण कर (राज्य शासन) अन् रोजगार हमी कर हे दोन राज्याचे आहेत, 1962 च्या कायद्याखालचे. मनपा ते फक्त गोळा करून वर पाठवते. म्हणजे घरमालकासाठी अर्थसंकल्पात काही नाही असं नाही काका, त्यातल्या जमेच्या बाजूला तुम्ही आहातच! यातला रोजगार हमी कर राहत्या घराला लागत नाही, अनिवासी वापराला लागतो. शिक्षण कराचा दरही अनिवासीला जास्त. म्हणून 4.23 टक्के सोडा अन् नोटिशीत अनिवासी किती चौरस फूट लिहिलं आहे ते पाहा. खरी गोम तिथे आहे.

पाणी लाभ कर हे वापराचं बिल नाही. वस्तीपर्यंत पाण्याची व्यवस्था पोचवण्याचा तो कर आहे, मीटरशी संबंध नाही. मलाही तो दुहेरी वाटतो, पण कायद्यात आहे.

मुंबईची माफी मुंबईच्या 1888 च्या कायद्यात बदल करून दिली. आपल्याला 1949 चा महानगरपालिका कायदा लागतो. मागायचं तर आमदाराला हिवाळी अधिवेशनात गाठा, झोनच्या कारकुनाशी भांडून उपयोग नाही.

अन् दरांवर ओरडायचं तर वेळेत ओरडा. पुढच्या वर्षाचे दर 20 फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. मार्च 2022 पासून काही वर्षं सभागृहच नव्हतं, नगरसेवक नव्हते, प्रशासकाच्या सहीनं सगळं ठरायचं. त्यामुळे तेव्हा ओरडायचं कोणापुढे हाही प्रश्नच होता म्हणा.

त्रिमूर्तीनगरच्या काकू

मी उलटं बोलते, राग मानू नका. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तेव्हा आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. फ्रिज तरंगत होता. माझा कर थोडा वाढला तरी मला चालेल. पण त्यातले किती रुपये नाल्यावर अन् नदीच्या भिंतीवर गेले ते त्याच पावतीवर छापून द्या. पेट्रोलच्या पावतीवर लिटर छापून येतात, मग याच्यावर काय अडचण आहे?

दुसरं, ही अभय योजना. वर्षानुवर्षं थकवणाऱ्यांना शास्ती (उशिराचा दंड) माफ, अन् आम्ही एप्रिलमध्येच भरून मोकळे होणारे येडे. या योजनेमुळे लोक भरायचं पुढं ढकलतात, माझ्याच लाइनीत दोन घरं आहेत अशी.

धंतोली टॅक्सवाला

काकू, अभयच्या भरवशावर बसणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की शास्ती महिन्याला 2 टक्के आहे, वर्षाला 24. योजना येईलच याची गॅरंटी कोणी देत नाही. अन् वसुली दरवर्षी वाढलीच पाहिजे, कारण पंधराव्या वित्त आयोगानं शहरांच्या 2025-26 पर्यंतच्या अनुदानाला तशी अट घातली होती. राज्याचं सकल उत्पादन (जीएसडीपी) ज्या गतीनं वाढते त्या गतीनं मालमत्ता कराची वसुली वाढली पाहिजे. मार्चमध्ये दारात येणाऱ्या पथकाचं एक कारण हेही आहे.

हुडकेश्वरवाले

धन्यवाद सगळ्यांना. टॅक्सवाले भाऊ, तुम्ही सांगितलं तसं टेप घेऊन मोजलं. पार्लरची खोली दहा बाय नऊ. नोटिशीत तिच्यासोबत समोरचा व्हरांडाही अनिवासीत धरला आहे. व्हरांड्यात तर माझी स्कूटर उभी असते. आक्षेप घेऊ का?

धंतोली टॅक्सवाला

जरूर. नोटिशीवर मुदत लिहिली आहे तिच्या आत लेखी द्या, सोबत नकाशा, मापं अन् फोटो जोडा. सुनावणीला स्वतः जा. ही पायरी चुकवू नका, कारण पुढे कलम 406 खाली अपील करायचं तर 15 दिवसांची मुदत असते अन् कराची रक्कम आधी भरावी लागते. फक्त एक सांगा, व्हरांड्यात गिऱ्हाइकांना बसायला काही ठेवलं आहे का?

हुडकेश्वरवाले

बाकडं आहे. सूनबाईनंच ठेवलं. लग्नसराईत गर्दी होते ना.

धंतोली टॅक्सवाला

मग काका, फोटोत ते बाकडं येणारच, अन् ते सरकवून फोटो काढायचा सल्ला मी इथे लिहिणार नाही. बाकड्याएवढा भाग अनिवासी मान्य करा अन् उरलेल्या व्हरांड्यासाठी भांडा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसकट पोच घ्यायला विसरू नका.