रशियन उमराव घराण्यांची कौटुंबिक चित्रं : मॉस्कोत काय पाहू?

मोरपंखी :
भाचा मॉस्कोत मेडिकलला आहे, मे महिन्यात त्याला भेटायला जातेय. तो दिवसभर कॉलेजात, म्हणजे मी मोकळीच. मला तिथल्या सरदार-उमराव घराण्यांची जुनी तैलचित्रं बघायची आहेत. बडोद्याला रविवर्म्यांनी काढलेली गायकवाड मंडळी पाहिली तेव्हापासून हा नाद लागलाय. कोणी काय घातलंय, हातात काय धरलंय, कोण कोणाकडे बघतंय, यात माझा तासन् तास जातो. लढाया आणि बायबलमधले प्रसंग नकोत. चित्रकारांची नावं फारशी माहीत नाहीत. सुरुवात कुठून करू? आणि पीटर्सबर्गला जावंच लागेल का?

गच्चीवरचा :
मॉस्कोत आरामात भागेल. लाव्रुशिन्स्की गल्लीतली त्रेत्याकोव गॅलरी, जुनी इमारत. सोमवारी बंद असते. बहुतेक पर्यटक अठरावं शतक भराभर ओलांडून एकोणिसाव्या शतकातल्या रेपिन या चित्रकाराकडे पळतात. तुम्ही नेमकं तिथेच थांबा.

आई-बाप-मुलं असं सगळं खटलं एका चौकटीत त्या काळात तिकडे कमीच दिसतं. पद्धत होती जोडीची : नवऱ्याचं एक चित्र, बायकोचं एक. रोकोतोव या चित्रकाराने १७७२ मध्ये स्त्रुइस्की जोडप्याची अशी दोन चित्रं केली. निकोलाय स्त्रुइस्की हा हौशी कवी, स्वतःच्या गावी खासगी छापखाना काढणारा. आज लोक बघतात ते त्याच्या बायकोला, अलेक्सांद्राला. हा बिचारा शेजारी असूनही दुर्लक्षित. दोघांना एकत्रच बघा.

आणि लेवित्स्की या चित्रकाराने रंगवलेला प्रकोफी देमिदोव, १७७३, चुकवू नका. उरलमधल्या लोखंडाच्या कारखान्यांवर गब्बर झालेलं घराणं. माणूसभर उंचीचं चित्र, मागे राजवाड्याला शोभतील असे खांब आणि पडदा, आणि हा गडी घरातल्या झग्यात, डोक्याला टोपी, झारीवर कोपर टेकून झाडांच्या कुंड्या दाखवतोय. लांब पाठीमागे मॉस्कोच्या अनाथालयाची इमारत दिसते, तिला त्याने भरघोस देणगी दिली होती. झाडांचा शौक खराखुराच होता, स्वतःची मोठी बाग होती त्याची.

खारी_बिस्कीट :
गच्चीवरचा, यादी छान, पण माझं मत वेगळं. मोरपंखी, चित्रकारांच्या मागे लागू नका, एक घराणं धरा. मॉस्कोत असाल तर शेरेमेतेव. शहराच्या पूर्व भागात कुस्कोवो नावाचा त्यांचा उन्हाळी वाडा आहे, आता संग्रहालय. त्रेत्याकोवमध्ये ही मंडळी भिंतीवरची अनोळखी माणसं वाटतात. इथे ती आपल्या घरात भेटतात.

मजा अशी, की यांचे चित्रकारही यांच्याच मालकीचे होते. इवान आर्गुनोव हा भूदास, म्हणजे जमीनदाराच्या मालकीचा, वेठीला बांधलेला माणूस. धन्याची, धनिणीची, पाहुण्यांची चित्रं काढायची आणि वाड्याचा कारभारही बघायचा. त्याच्या हाताखाली शिकलेले पुढे पीटर्सबर्गच्या कला अकादमीत शिकवायला लागले. हा मात्र १८०२ मध्ये भूदास म्हणूनच गेला.

कुस्कोवोत त्याचं १७६७चं एक चित्र आहे : आन्नुश्का, शेरेमेतेवांच्या घरात वाढलेली काल्मिक (रशियातली एक मंगोल वंशाची जमात) मुलगी. छान कपडे, चेहऱ्यावर किंचित हसू, आणि हातात छापील चित्र. ते वार्वारा शेरेमेतेवाचं, म्हणजे त्याच साली वारलेल्या मालकिणीचं. पोर स्वतःच्या चित्रातसुद्धा मालकिणीची आठवण धरून बसलीय. मला हे झगमगीत सरदारांच्या दहा चित्रांपेक्षा जास्त सांगतं.

दुसरं, प्रास्कोव्या झेमचुगोवाचं. शेरेमेतेवांच्या खासगी नाटकमंडळीतली भूदास गायिका. काउंट निकोलाय शेरेमेतेवने तिला मुक्त केलं आणि १८०१ मध्ये गुपचूप लग्न केलं. इवानचा मुलगा निकोलाय आर्गुनोव याने तिला पट्ट्यापट्ट्यांच्या घरगुती झग्यात रंगवलंय, दिवस भरत आलेले स्पष्ट दिसतात. त्या काळच्या काउंटेसचं असं चित्र मी दुसरं पाहिलेलं नाही. १८०३ मध्ये मुलगा झाला आणि तीनेक आठवड्यांत ती गेली. काढणाराही भूदास, बसलेली कालपर्यंत भूदास. निघण्याआधी हे चित्र सध्या मांडलंय का, तेवढं विचारून घ्या.

तळ्याकाठी :
भूदासांचा विषय निघालाच आहे तर चित्रकार त्रोपिनिन राहायला नको. काउंट मोर्कोवचा हा भूदास. मालकाने त्याला हलवाईकाम शिकायला पाठवलं होतं! मोर्कोव कुटुंबाचं १८१३चं मोठं चित्र त्याचंच, बाप आणि मुलं-मुली एकत्र, त्रेत्याकोवमध्येच. वर म्हटलंय ते खटलं इथे सापडेल. त्याला मुक्ती मिळाली १८२३ मध्ये, सत्तेचाळिसाव्या वर्षी. बायको आणि मुलगा आर्सेनी मात्र आणखी पाच वर्षं भूदासच. त्या आर्सेनीचं लहानपणीचं चित्र तिथेच आहे. मोर्कोवांची मुलं आणि हा पोरगा, पाठोपाठ बघा.

मोरपंखी :
वा, भरपूर मिळालं! कुस्कोवो नक्की. एक शंका : फोटोंत बघते तर यांच्या छातीवर पट्टे, बिल्ले, फिती. त्यावरून काही कळतं का?

खारी_बिस्कीट :
कळतं तर! खांद्यावरून आडवा आकाशी पट्टा म्हणजे सेंट आंद्रेई हे मानचिन्ह, सगळ्यांत वरचा मान. नुसता लाल असेल तर बहुधा अलेक्सांद्र नेव्स्की. बाईच्या अंगावर चंदेरी काठाचा लाल पट्टा म्हणजे सेंट कॅथरीन. खांद्याजवळ हिऱ्यांनी मढवलेलं राणीचं छोटं चित्र असेल तर ती दरबारातली वरिष्ठ बाई. निळ्या फितीच्या गाठीवर हिऱ्यांची आद्याक्षरं असतील तर राणीची कुमारी सखी. मान वाढला की जुन्या चित्रावर नवा पट्टा रंगवून घेणारेही होते, त्यामुळे पट्ट्यावरून साल ठरवताना जपून.

गच्चीवरचा :
पीटर्सबर्गचं राहिलं. सापसान या वेगवान रेल्वेगाडीने चारेक तास. रशियन म्युझियम मंगळवारी बंद. माझ्या मते जावं, ते युसुपोव या उमराव घराण्यासाठी. सेरोव या चित्रकाराने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे अख्खं घर रंगवलं, पण एकेकटं : झिनाइदा सोफ्यावर कुत्र्यासोबत, नवरा घोड्याशेजारी, धाकटा फेलिक्स बुलडॉग घेऊन. थोरला निकोलाय १९०८ मध्ये द्वंद्वात मेला. फेलिक्स म्हणजे १९१६ मध्ये झारच्या घरात वजन असलेल्या रास्पुतिन या साधूला मारणारा तोच. चित्रात मात्र सोळा वर्षांचा, लाडावलेला. कुत्राच जास्त गंभीर दिसतो.

तिथेच बोरोविकोव्स्की या चित्रकाराने रंगवलेली काउंटेस बेझबोरोद्को दोन मुलींसह, १८०३. मुलीच्या हातातलं बिल्ल्याएवढं चित्र घरी नसलेल्या भावाचं. कुटुंब पूर्ण करायची ही युक्ती. तुम्हाला हातांतल्या वस्तू बघायची हौस आहे, तर हे तुमचंच.

तळ्याकाठी :
वेळ कमी असेल तर पीटर्सबर्ग सोडा, कुस्कोवो सोडू नका. आणि आपली व्हिसा-मास्टरकार्ड तिकडे २०२२पासून चालत नाहीत. रोख रक्कम न्या, नाहीतर तिकिटाच्या खिडकीवर भाच्याला फोन करावा लागेल.