खाडीकाठचं कॉलेज आणि जूनची फी (तुमचेही अनुभव लिहा)

नेरूळची_माहेरवाशीण
काल दुपारी उरण लोकलनं माहेरी गेले. खारकोपर सोडलं की दोन्हीकडं खारफुटी लागते, म्हणून मी नेहमी खिडकी धरते. समोर एक पोरगी. गळ्यात कॉलेजचं आयकार्ड, पायाशी मासळीची थर्माकोलची पेटी, आणि मांडीवर अकाउंट्सची वही. पेटी पायानं दाबून धरलेली आणि जर्नल एंट्र्या सोडवणं चाललेलं. मला १९९१ चा जून आठवला आणि आवंढाच आला.

तेव्हा ही गाडी कुठली! ती उरणपर्यंत आली २०२४ च्या जानेवारीत. बारावीनंतर शिकायचं तर पनवेल नाहीतर मुंबई, म्हणजे आम्हा मुलींसाठी घरच. तालुक्यात कॉलेज होतं म्हणून मी बी.कॉम. झाले. आबा म्हणाले होते, "जा शिकाला, पन दिवेलागनीला घरा ये." दिवेलागणीला परतता येईल एवढ्या अंतरावर ते होतं, म्हणून आबांना हो म्हणता आलं.

आता जूनचं सांगते. जूनमध्ये होड्या वर ओढलेल्या, मासेमारी बंद. मिठागरं पावसाच्या आधीच आटोपलेली. शेतात पैसा घालायचे दिवस, काढायचे नव्हेत. आणि फी नेमकी तेव्हाच भरायची. ऑफिसातल्या भाऊंनी आबांकडं एकदा पाहिलं आणि रजिस्टरात माझ्या नावापुढं शिसपेन्सिलीनं लिहिलं, 'पौर्णिमेनंतर'. कुठली पौर्णिमा ते लिहायची गरज नव्हती. त्याच पानावर तसं लिहिलेली आणखी बरीच नावं होती.

नारळी पौर्णिमा झाल्यावर पुढच्या आठवड्यात आई बाजारातून परस्पर कॉलेजात आली. टोपली बाहेर भिंतीशी ठेवली. नोटा ओल्या, मासळीच्या वासाच्या. भाऊंनी एकेक नोट सुटी करून टेबलावर पसरली, वर पंचिंग मशीन, दौत, शिक्का, हाताला येईल ते वजन ठेवलं आणि पंखा लावला. मग आईला म्हणाले, "बसा माउली, वाळेपर्यंत चहा घ्या." तोवर कुठल्याच ऑफिसात आईला कुणी 'बसा' म्हटलेलं नव्हतं.

तुमचं असं कॉलेज असेल तर लिहा. मोठंच लिहायला पाहिजे असं नाही.

करंजा_बंदर
ताई, रडवलंत. आमच्याकडं दादाची फी भरली आणि माझी राहिली. पुढच्या वर्षी दादानं ट्रेलरवर क्लीनर म्हणून काम करून माझी भरली. १९८९ ला न्हावा-शेव्याचं मोठं बंदर सुरू झाल्यावर गावातली कितीतरी पोरं तशीच शिकली. बाकी संध्याकाळी लिहितो, ड्युटीवर आहे.

सातपाटीची_सून
आमचं पालघरचं कॉलेज. तेव्हा तो ठाणे जिल्हाच होता, पालघर वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. माझ्या मार्कशीटवर अजून 'जि. ठाणे' आहे आणि मला तेच बरं वाटतं. सातपाटीहून येणाऱ्या मुली पहाटे बंदरावर मासळी निवडून, आंघोळ करून पहिल्या तासाला हजर असायच्या. थंडीतसुद्धा. मी घाटावरून लग्न होऊन आलेली, लग्नानंतर एस.वाय.ला बसले. बाकावर त्यांच्याच शेजारी शिकले, अभ्यास पण आणि पापलेट ताजा कसा ओळखायचा ते पण.

खोपट्याचा_बाबू
कसा ओळखायचा? 😀

सातपाटीची_सून
कल्ले लालभडक पाहिजेत, आणि दाबून बोट उचललं की खळगा भरून आला पाहिजे. २०२३ ला पापलेट राज्यमासा झाला तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले हो!

निवृत्त_मास्तर_ठाणे
मी सांगलीकडचा. खाडीकाठच्या एका कॉलेजात गणित शिकवायला आलो तेव्हा समुद्र फक्त सहलीत पाहिलेला. पहिल्या वर्षी हजेरीनं हैराण झालो. पंधरा दिवसांनी ठरल्यासारखी मुलं गायब व्हायची. मी रागवायचो. एकदा वर्गात मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून शांतपणे म्हणाला, "सर, उधान हाय ना." मला काही कळलं नाही. त्यानं समजावलं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाण्याला ओढ जोरात, तेव्हा डोलीच्या जाळ्याला मासळी लागते. ओहोटीही खूप खाली जाते, म्हणून बायका-मुली कालवं, शिंपल्या काढायला जातात. अष्टमीच्या सुमाराला भांग, पाणी मंद, तेव्हा सगळे मोकळे.

मी हजेरीपट आणि कालनिर्णय शेजारी ठेवून पाहिलं. पोरगा बरोबर होता. पुढच्या सत्रापासून माझ्या सगळ्या चाचण्या भांगेच्या दिवसांत ठेवल्या, आणि वर्ग भरला. मुलं हुशारच होती, माझं वेळापत्रक चुकत होतं.

त्याच मुलानं भरतीचं गणितही शिकवलं. तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं, की आपल्या किनाऱ्यावरची पूर्ण भरतीची वेळ साधारण मिळते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. भरती रोज पाऊण तासाच्या आसपास पुढं सरकते, त्याचाच हा हिशेब. मी ते फळ्यावर मांडलं आणि खाली त्याचं नाव लिहिलं.

नेरूळची_माहेरवाशीण
सर, नमस्कार करते. आबा हेच बोटांच्या पेरांवर मोजायचे!

मोरा_ते_भाऊचा_धक्का
आमच्या वर्गात घारापुरीची दोघं होती, होडीनं मोऱ्याला उतरून यायची. ओहोटीला मोऱ्याला गाळ इतका की लाँच धक्क्याला लागत नाही, मग पोरं अडकायची. बेटावर पक्की वीज आली २०१८ ला, त्याआधी संध्याकाळी थोडा वेळ जनरेटर, बस. त्यातला एक परीक्षेच्या दिवसांत आमच्याच ओटीवर झोपायचा. माझी आजी त्याला आधी वाढायची, मला नंतर.

पूर्व_विभाग
१९८४ च्या जानेवारीत, नवी मुंबईसाठी सिडकोनं घेतलेल्या जमिनींच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच माणसं गेली. माझे काका तेव्हा कॉलेजात, मोर्चात होते. घरी आले तेव्हा चपला नव्हत्या, वही मात्र शर्टाच्या आत होती. घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचा भूखंड पुढं आला, त्याचा कागद वाचून समजावून सांगणारे गावात काकाच. लोक रात्री अकरालासुद्धा कागद घेऊन यायचे. मला आठवतं, काका जेवता जेवता उठायचे.

अनामिका_कोपरखैरणे
माझं शिक्षण सुटलं. दाखल्यासाठी एका कार्यालयात सात हेलपाटे घातले, प्रत्येक वेळी नवा कागद सांगितला, तोवर प्रवेशाची तारीख गेली. तुमचे भाऊ प्रत्येक गावाला मिळायला हवे होते. एवढंच. चपात्या करपतायत, जाते.

नेरूळची_माहेरवाशीण
अनामिका, मुक्त विद्यापीठातून करता येईल, खरंच. मी फॉर्म भरायला येते, कोपरखैरणे मला लांब नाही. मेसेज कर.

वाशीकर७९
मी 'रयत'चा, वाशीचा. कमवा आणि शिका योजनेत लायब्ररीची पुस्तकं शिवायचो. दाभण, दोरा, खळ. अजून कुणाच्या घरी पुस्तकाची शिवण सुटलेली दिसली तर हात शिवशिवतात. कर्मवीर अण्णांनी १९१९ ला कराडजवळच्या काले गावात लावलेलं रोप समुद्रापर्यंत पोचलं, त्याच्या सावलीत मी बसलो.

खोपट्याचा_बाबू
पूल व्हायच्या आधी आमची मोठी माणसं तरीनं खाडी ओलांडायची. पूर्व विभाग, तुमी कुठले? आवरे?

पूर्व_विभाग
आवरेच! तू कोणाचा?

खोपट्याचा_बाबू
मेसेज केलाय बघा. आपलं नातं निघतंय. रविवारी निवट्या (चिखलातली मासळी) काढायला येताय का?

सातपाटीची_सून
अहो, आज एकादशी, निवट्या कसल्या काढताय 🙏

करंजा_बंदर
सुटलो ड्युटीवरून. माझी मुलगी बारावी सायन्सला आहे, रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात जायचं म्हणते. आजोबा विचारतात, "मासं धराला कालेज कशाला?" तिनं त्यांना बसवून बीज, खाद्य, पाण्यातला प्राणवायू सगळं सांगितलं. आता तेच शेजारी सांगत फिरतात. कुणाचं मूल तिथं शिकलंय का? होस्टेलबद्दल विचारायचंय.

निवृत्त_मास्तर_ठाणे
माझा एक विद्यार्थी तिथून शिकून आज कोळंबीचा प्रकल्प चालवतो. नंबर विचारून तुम्हाला कळवतो. मुलीला म्हणावं, जीवशास्त्र पक्कं कर.

नेरूळची_माहेरवाशीण
सगळ्यांना उद्या सावकाश उत्तर देते. भाऊ पाच वर्षांमागं गेले, मला उशिरा कळलं. काल त्या पोरीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काकू, आमच्याकडं आता फी ऑनलाइन आहे, पण मॅडम ऑगस्टपर्यंत थांबतात."

सर, अकरा त्रिक तेहतीस, भागिले चार, सव्वाआठ. आत्ता साडेआठला वाशीच्या पुलावर आहे. पाणी वरपर्यंत भरलंय.