स्ट्रिप कनूला फक्त वेस्टर्न रेड सीडरच? अजिबात पटत नाही

पीटरबरोकर: स्ट्रिप कनू म्हणजे लाकडाच्या पातळ पट्ट्या चिकटवून बनवलेली वल्ह्याची अरुंद होडी, तिच्याबद्दल काल एकाने ठणकावून लिहिलं, "क्लिअर वेस्टर्न रेड सीडर परवडत नसेल तर कनूच्या नादाला लागू नका, बाकी लाकूड म्हणजे मेहनत पाण्यात." वाचून डोकंच फिरलं. अहो, ऑन्टारियोत राहून ब्रिटिश कोलंबियातून फळ्या मागवायच्या, त्याही बिनगाठीच्या म्हणजे बहुतेक जुन्या जंगलातल्या मोठ्या झाडांच्या? इथला व्हाइट सीडर त्याहून हलका आहे, छान वाकतो, सहज कुजत नाही. पाइनचीही होते, आमची पाइनची कनू दर उन्हाळ्यात कावार्थाच्या तळ्यांत उतरते. पाव इंच जाडीच्या पट्ट्या आणि आतून-बाहेरून ६ औंसाचं (चौरस यार्डाला) फायबरग्लास कापड इपॉक्सीत, म्हणजे घट्ट होणाऱ्या चिकट राळेत, ताकद त्या थरांच्या जोडीत असते. नवीन माणसाला कशाला घाबरवता?

बिनगाठी: ते वाक्य माझंच आणि मी त्यावर ठाम आहे. व्हाइट सीडरची १६ फुटी, सरळ, बिनगाठीची फळी आणून दाखवा. झाडच लहान, त्यात गाठीच गाठी, म्हणजे पट्टीपट्टीला स्कार्फ जोड (दोन टोकं तिरकी कापून चिकटवायची), तोही एकास आठ उताराचा. आणि पाइन जड असतं.

पीटरबरोकर: किती जड? रेड सीडर घनमीटरला ३७० किलोच्या आसपास, व्हाइट पाइन ४०० च्या आसपास. १६ फुटी कनूला लाकूड लागतं किती, तर जेमतेम ०.०३५ घनमीटर. फरक किलोभराचा!! तुम्ही इपॉक्सी जास्त ओतलं तर त्याहून जास्त वजन वाढतं.

मालवणी_वल्हं: सागवान का नाही वापरत तिकडे? आमच्याकडे होड्यांना ऐन, आंबा, फणस चालायचा, आता जिकडे तिकडे फायबर, लाकडात काम करणारा माणूस शोधावा लागतो, त्याचं कुणालाच काही नाही.

बिनगाठी: सागवान ६५० च्या घरात जातं, शिवाय तेलकट, इपॉक्सी नीट धरत नाही. इथे नको.

धूळखाल्लेली: लाकूड कुठलं यावर भांडताय, धुळीचं कोण बोलणार? रेड सीडरच्या धुळीत प्लिकॅटिक ॲसिड असतं, त्याने दमा होतो. माझ्या नवऱ्याने बंद गॅरेजमध्ये घासकाम केलं, दिवसा काही नाही, रात्री श्वास लागायचा, आम्हाला वाटलं सर्दी. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, काम काय करता. ती कनू दुसऱ्याने पुरी केली.

जुनाहात: एवढं काही नसतं हो, आम्ही तोंडाला रुमाल बांधून आयुष्यभर लाकूड घासलं.

धूळखाल्लेली: तुम्हाला झालं नाही म्हणून कुणालाच होत नाही का? रुमालाने बारीक धूळ अडत नाही. किमान एन-९५ हवा, आणि सँडरला व्हॅक्युम जोडा. इपॉक्सी पूर्ण कडक व्हायच्या आत घासलंत तर तीही धूळ वाईट, एकदा ॲलर्जी बसली की पुढे थोडासा हात लागला तरी पुरळ उठतं.

जुनाहात: मग घरात काही करायचंच नाही, असं सांगा ना सरळ! प्रत्येक गोष्टीत भीती.

धूळखाल्लेली: करा म्हणतेय, मास्क लावून करा म्हणतेय. वाचा तरी नीट.

बिनगाठी: ताई, मास्कचं बरोबर आहे, मी लिहायला हवं होतं असं म्हणत असाल तर ठीक, लिहितो. पण पाइनच्या बाबतीत एक राहिलंच. दगडावर घासून फायबरग्लासचा थर फाटला आणि पाणी आत शिरलं की पाइन कुजायला लागतं, सीडर दम धरतो.

पीटरबरोकर: तो मुद्दा घ्या तुमचा. पण फाटला तर वाळवा आणि लगेच बुजवा, हे सीडरलाही करावंच लागतं. आणि कनूच्या काठाला ॲशचं लाकूड लावणाऱ्यांनी कुजण्याचं बोलू नये, ॲश उघड्यावर ओला राहिला की काळा पडतो. शिवाय २००२ मध्ये डेट्रॉइट-विंडसरकडे सापडलेल्या त्या हिरव्या किड्याने ॲशची झाडं उभीच्या उभी मारलीत. मी चेरी लावतो.

बिनगाठी: चेरी ॲशएवढी लवचिक नाही. पण वजनाचा हिशोब मान्य, किलोभर तर किलोभर. वरून यूव्हीवालं व्हार्निश मात्र कुणीही टाळू नका, उन्हात उघडं इपॉक्सी टिकत नाही, मग खाली लाकूड कुठलंही असो.