पावणेचार वर्षांचे मूल खोटे बोलायला कोठून शिकते?

प्रश्न : निळी शाई

माझी मुलगी पावणेचार वर्षांची आहे. गेल्या आठवड्यात तिने कुंडीतले, मोठ्या मुश्किलीने मूळ धरलेले रोप उपटले आणि मी विचारल्यावर “वाऱ्याने पडलं” असे सांगितले. तिच्या नखांत माती होती आणि दोन्ही हात तिने पाठीमागे लपवले होते. रोपाचे दुःख लवकर ओसरले. परंतु वर्षभरापूर्वी काही सांडले की स्वतःहून धावत येऊन सांगणारी मुलगी इतक्या सहजपणे खोटे बोलली, याने मी रात्रभर अस्वस्थ होते. आम्ही घरात तिच्याशी खोटे बोलत नाही, निदान माझी तशी समजूत आहे. मग हे ती शिकली कोठून, आणि आत्ताच कडक शिक्षा केली नाही तर सवय जडेल का, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद : उंबरठा

बालविकास हा माझ्या अभ्यासाचा विषय असल्याने थोडे सविस्तर लिहितो. खोटे बोलण्याआधी मुलाला एक मोठी गोष्ट उमगावी लागते, ती म्हणजे मला जे ठाऊक आहे ते आईला ठाऊक असेलच असे नाही. हाइन्झ विमर आणि योसेफ पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी 1983 साली मुलांना एक प्रसंग सांगितला. एक मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो, त्याच्या माघारी आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते; तर परतल्यावर तो ते कोठे शोधेल? तीन वर्षांची मुले सहसा चॉकलेट खरोखर जेथे आहे तेच कपाट दाखवतात, कारण आपल्याला माहीत असलेली गोष्ट दुसऱ्याला माहीत नसेल हे त्यांच्या लक्षातच येत नाही. चार-पाच वर्षांच्या सुमारास उत्तर बदलते. हीच समज शिकवून दिल्यावर तीन वर्षांची, तोवर खोटे न बोलणारी मुले खेळात खोटे बोलू लागली, असे 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले आहे. म्हणजे तुमच्या मुलीला हे कोणी शिकवलेले असण्याची गरज नाही.

मायकेल लुईस व सहकाऱ्यांनी 1989 साली तीन वर्षांच्या 33 मुलांना, पाठीमागच्या खेळण्याकडे पाहू नकोस असे सांगून एकेकटे सोडले. त्यांतली 29 मुले वळून पाहिल्याशिवाय राहिली नाहीत. पुढे विचारल्यावर त्यांच्यापैकी सुमारे 38 टक्के मुलांनी चक्क नाकारले, तितक्याच मुलांनी कबूल केले आणि उरलेली गप्प राहिली. अशा लहान मुलांना खोटे निभावणे मात्र जमत नाही. “मी पाहिलं नाही” म्हणणाऱ्या मुलाला, मग ते खेळणे कोणते असेल, असे विचारले की ते पटकन त्याचे नाव सांगून टाकते. तुमच्या मुलीच्या नखांतली माती याच टप्प्यावरची आहे.

प्रतिसाद : सांजवेळ

क्षमता वयानुसार येते हे मान्य आहे, पण ती वापरावी असे मुलाला का वाटते, हा प्रश्न उरतोच. माझ्या अनुभवात त्याचे उत्तर भीती हे आहे. माझा मुलगा सहा वर्षांचा असताना, मला सर्व ठाऊक असूनही मी “हे कोणी केलं?” असे दरडावून विचारत असे, आणि त्याने नाकारले की मूळ चुकीपेक्षा खोटेपणाबद्दल अधिक रागावत असे. तो सापळा मीच लावत होते, हे मला फार उशिरा कळले आणि त्याची खंत अजूनही आहे. व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली यांनी 2011 साली पश्चिम आफ्रिकेतील दोन शाळांमधील मुलांची तुलना केली होती. जेथे मारझोडीची शिस्त होती, त्या शाळेतली मुले अधिक प्रमाणात आणि अधिक सफाईने खोटे बोलत होती. शिक्षा कडक केली तर सवय सुटणार नाही, हातखंडा येईल.

प्रतिसाद : उंबरठा

शिक्षेविषयी पूर्ण सहमत आहे. परंतु सारे भीतीवर टाकता येणार नाही. चार्ल्स डार्विन यांनी आपल्या मुलाच्या वाढीची टिपणे 1877 साली प्रसिद्ध केली. अडीच वर्षांचा तो मुलगा मनाई असताना साखर खाऊन आला तेव्हा त्याचे डोळे विलक्षण चमकत होते, आणि पंधरवड्याने लोणच्याच्या रसाचा डाग पडलेले आंगडे गुंडाळून धरत, आत काहीच नाही असे तो सांगत होता. त्याला कधीही शिक्षा झाली नव्हती, असे वडिलांनी आवर्जून नोंदवले आहे.

प्रतिसाद : पाऊलवाट

“आम्ही खोटे बोलत नाही” या वाक्यापाशी मी थांबले. शेजारच्या खोलीत वाडगाभर गोळ्या आहेत, अशी थाप ज्या पाच ते सात वर्षांच्या मुलांना आधी मारली गेली होती, ती मुले पुढे, पाहू नकोस असे सांगितलेल्या खेळण्याकडे अधिक डोकावली आणि अधिक खोटे बोलली, असे 2014 च्या एका अभ्यासात आढळले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात, खोटे बोलणाऱ्याची फजिती होते अशा कथा ऐकवल्याचा मुलांच्या खरे बोलण्यावर परिणाम दिसला नाही. खरे सांगितल्याबद्दल शाबासकी मिळालेल्या मुलाच्या कथेचा दिसला. शिवाय विचारण्याआधी “खरं सांगशील ना?” असे वचन घेतले, तर पुष्कळ मुले ते पाळतात. आवाज मात्र शांत हवा.

प्रतिसाद : निळी शाई

सर्वांची मनापासून आभारी आहे. लसीच्या वेळी मीच तिला “मुळीच दुखणार नाही” असे सांगितले होते, ते आठवले. काल तिला जवळ घेऊन म्हटले, की रोप तू उपटलेस हे मला ठाऊक आहे, मी रागावणार नाही, चल, आपण नवे लावू. माती भरताना ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मूळ धरलंय असं तू म्हणालीस ना, ते कसं धरतं ते मला बघायचं होतं.” तिने रोप का उपटले, हे त्या दिवशी मी विचारलेच नव्हते.