पुढच्या साथीत तालुक्याचं कॉलेज सरसकट बंद करू नका

खडू_फळा (धागाकर्ती)

नॅकची (कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची) फाईल लावताना परवा जुने हजेरीपट बाहेर काढले. २०१९-२०चा बी.ए. पहिल्या वर्षाचा पट मार्चच्या मध्यावर थांबतो, पुढची पानं कोरी. त्याच तुकडीचा तिसऱ्या वर्षाचा पट शेजारी ठेवून नावं ताडत गेले. एका गावाहून पाच मुली एकाच एसटीनं यायच्या आणि ओळीनं पहिल्या बाकांवर बसायच्या. तिसऱ्या वर्षाच्या पटावर त्यांतल्या दोनच आहेत. मुलगे गळाले ते पुण्याला, सुरतेला कामाला लागले, हे फोनवर कळायचं. मुलींचं कळायचं ते लग्नाची पत्रिका आल्यावर, आणि त्या वर्षी पत्रिकाही कुणी छापत नव्हतं.

मी यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी मराठी शिकवते. साथीतल्या शिक्षणाचा विषय निघाला की ऑनलाइन बरं की वाईट, परीक्षा घ्यायला हवी होती की नको, यावरच वाद होतो. मला वेगळंच बोलायचं आहे. आमच्याकडे कॉलेज हे मुलीला रोज घराबाहेर पडायचं एकमेव मान्य कारण आहे. सकाळची एसटी, पास, तीन-चार तास, ग्रंथालय, दुपारची एसटी. ते कारण काढून घेतलं की ती निंदणाला जाते आणि वर्षाच्या आत स्थळ येतं. लग्नाला पन्नास माणसांची मुभा होती; एप्रिल २०२१मध्ये तर पंचवीस माणसं आणि दोन तास. डोक्यावर सावकार असलेल्या बापाला इतकं स्वस्त लग्न पुन्हा कधी मिळणार होतं?

आणि बंद तरी किती? मार्च २०२०पासून अकरा महिने. १५ फेब्रुवारी २०२१ला निम्म्या हजेरीनं दार उघडलं, तर २२ तारखेपासून अमरावती-अचलपुरात टाळेबंदी; आमच्याकडेही पुन्हा कुलूप. नंतर उघडलं थेट २० ऑक्टोबर २०२१ला, तेही दोन डोस झालेल्यांसाठी. कोविशील्डच्या दोन डोसांत ८४ दिवसांचं अंतर. पहिल्या वर्षाची सतरा वर्षांची मुलं लसीला पात्रच नव्हती, त्यांची लस ३ जानेवारी २०२२ला सुरू झाली. त्यात दिवाळीच्या तोंडावर एसटीचा संप लागला, तो एप्रिलपर्यंत. वर्ग उघडे, मी हजर, आणि गाडीच नाही म्हणून पोरं घरी.

म्हणून माझी मागणी अशी : पुढच्या वेळी मुंबई-पुण्याचे आकडे पाहून आमचं दार लावू नका. तालुक्यावर ठरवा आणि दर पंधरा दिवसांनी परत बघा. वर्ग भरवता येत नसतील तरी ग्रंथालय आणि कार्यालय उघडं ठेवा, गावांच्या पाळ्या लावून.

आरोग्य_सेवक

मॅडम, तुमच्या मुलींचं दुःख खरं आहे, पण मागणी मला मान्य नाही.

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. २०२०मध्ये आमच्या हद्दीत रुग्ण बोटावर मोजण्याइतके होते, म्हणून तुम्हाला आज वाटतं की उगाच बंद ठेवलं. बंद होतं म्हणून ते बोटावर मोजता आले. एप्रिल २०२१मध्ये काय झालं ते आम्ही पाहिलंय. घरंच्या घरं तापानं फणफणली होती. लोक टायफाइड समजून गावातच सलाईन लावून घ्यायचे, तपासणीला यायला घाबरायचे, आणि आमच्याकडे यायचे तेव्हा श्वास लागलेला असायचा. ग्रामीण रुग्णालयात ऑक्सिजनचे सिलिंडर मोजून होते. पुढे पाठवायचं तर यवतमाळ, सेवाग्राम नाहीतर नागपूर, आणि तिथून खाट आहे असा निरोप येईपर्यंत पेशंट बाहेरच्या बाकावर.

तुमच्या कॉलेजात पोरं वीस-पंचवीस गावांतून येतात. काळीपिवळीत दाटीवाटीनं बसून येतात आणि तशीच परत जातात. अख्ख्या तालुक्यातली माणसं रोज एका जागी येऊन रोज आपापल्या गावी परतणारी दुसरी जागा दाखवा. पोराला दोन दिवस सर्दी होते. घरात एकच खोली, तिथं त्याची आजी झोपते. माझ्यासोबत घरोघर फिरणारी एक आशाताई त्या महिन्यात गेली. तिचा मुलगा तेव्हा बारावीला होता. त्याचं वर्ष वाचलं की बुडालं, हे मला त्या दिवशी सुचलंही नाही.

खडू_फळा

आशाताईंबद्दल वाचून वाईट वाटलं. त्या महिन्यात बंद हवं होतं यात मला शंका नाही, एप्रिल २०२१ मी मागतच नाही.

मी २०२०चा पावसाळा, दिवाळी आणि जानेवारी मागते आहे. दुसरी जागा दाखवा म्हणालात ना? दारूची दुकानं मे २०२०मध्ये उघडली. त्या हंगामात कापसाच्या केंद्रावर गाड्यांच्या रांगा लागल्या. १५ जानेवारी २०२१ला राज्यात बारा हजारांवर ग्रामपंचायतींसाठी मतदान झालं, माझ्या विद्यार्थ्यांनी पहिल्यांदा मत टाकलं, उमेदवार घरोघर पाया पडत फिरले, रात्री जेवणावळी झाल्या. एकोणीस वर्षांची मुलगी मतदानाच्या रांगेत उभी राहू शकत होती. ग्रंथालयात मात्र बसू शकत नव्हती. हे साथीच्या शास्त्रानं ठरवलं असं मला कोणी पटवून द्यावं.

पऱ्हाटीतला

दोघायचंई वाचलं. पण मॅडम, परीक्षेची गोष्ट अशी बाजूले सारू नका. मी २०२०चा बी.एस्सी. फायनलचा.

जूनमंदी राज्यानं सांगतलं का परीक्षा नाई. ६ जुलैले यूजीसीनं, म्हंजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, सांगतलं का सप्टेंबरपर्यंत घ्याच. मंग कोर्ट. २८ ऑगस्टले सुप्रीम कोर्टाचा निकाल आला का परीक्षा पुढे ढकलता येते, पण परीक्षेबिगर पदवी देता येत नाई. इतके दिवस आमी मधातच लटकून. अभ्यास कराव का काम धराव, काईच समजे ना. माह्या बुढ्याचा कापूस जूनपर्यंत घरातच पडून होता, खरेदी केंद्रावर नंबरच लागे ना. नवा मोबाईल कोणाच्या भरोशावर घेऊ? परीक्षा मोबाईलवर झाली, चारातला एक पर्याय निवडाचा. रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढून बसलो. एक पेपर सबमिटच नाई झाला, तो दुसऱ्यांदा देला.

माहं खरं दुखणं त्याच्याई पुढचं हाय. टायट्रेशन, म्हंजे एक द्रावण थेंबाथेंबानं दुसऱ्यात सोडून मोजणं, हातानं कराचं असते. रंग कोणत्या थेंबाले बदलते ते डोयानं पाहा लागते. शेवटच्या सेमिस्टरचं आमी मोबाईलवर पाह्यलं. औषधाच्या कंपनीत मुलाखतीले गेलो तं साहेबानं मार्कशीटवरचं साल पाह्यलं, म्हणे कोरोना बॅच का? अन् ब्यूरेट, थेंब सोडाची काचेची नळी, हातात देला. माहा हात थरथरला. माहा नंबर लागला नाई.

म्हणून मॅडम, तुमची लायब्ररी उघडी राहून माहं काईच भागलं नसतं. मले लॅब पाह्यजे होती. दहा-दहा पोट्ट्यायची बॅच, खिडक्या उघड्या, हप्त्यात एक दिवस.

रात्रीचा_तास

मी त्या पाच मुलींसारखीच एक. जिल्हा दुसरा, गोष्ट तीच. दुसऱ्या वर्षाला होते, डिसेंबर २०२०मध्ये लग्न झालं.

मॅडम, राग मानू नका, पण कॉलेज उघडं असतं तर लग्न टळलं असतं हे मला पटत नाही. फार तर वर्षभर लांबलं असतं. त्या साली पावसानं सोयाबीन काळं पडलं आणि पऱ्हाटीची बोंडं सडली. माझ्या वडिलांनी स्थळ पाहायला सुरुवात केली ती कॉलेज बंद म्हणून नाही, हाती पैसा उरला नाही म्हणून. बंदमुळे फक्त लग्न स्वस्त झालं. तुम्ही दोन गोष्टींची एकत्र मोळी बांधता आहात.

दुसरं. सासरहून कॉलेज चाळीस किलोमीटर. ते उघडलं तेव्हा मला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. उपयोग झाला तो आमच्या इतिहासाच्या सरांनी टाळेबंदीत फोनवर रेकॉर्ड करून पाठवलेल्या तासांचा. रात्री दहा वाजता भांडी झाली की इअरफोन लावून ऐकायचे. आवाज खरखरायचा, मध्येच त्यांच्या घरची कुकरची शिट्टी यायची. त्या तासांवर मी पुढे नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बी.ए. पूर्ण केलं. कॉलेजं उघडली आणि ते तास बंद झाले, कुणाला त्यांची गरज उरली नाही म्हणे. माझ्यासारख्या किती जणींना होती, हे कुणी विचारलं? तुम्ही दार उघडं ठेवायची मागणी करता, ती ज्यांना दारापर्यंत येता येतं त्यांची आहे.

तासिका_तत्त्व

शिकवणाऱ्यांबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. आम्हाला तासाप्रमाणे मानधन. कॉलेज बंद म्हणजे तास नाही, तास नाही म्हणजे पैसे नाहीत. नेट (प्राध्यापकाची पात्रता परीक्षा) आणि पीएच.डी. असूनही त्या हंगामात मी दुसऱ्याच्या वावरात सोयाबीन सोंगायला गेलो, मजुरी घेऊन. बांधावर माझ्याच वर्गातला मुलगा विळा घेऊन उभा होता. त्यानं 'सर' म्हटलं आणि आम्ही दोघंही दिवसभर पुढे काही बोललो नाही. आरोग्य सेवक भाऊ, बंद करा म्हणताना त्या आदेशात आमच्या मानधनाची एक ओळही लिहायला सांगा. ती असती तर मीही तुमच्या बाजूनं असतो.

धारणीचा

मॅडम आणि ताई, तुमच्या वादात एक पूल, एक एसटी, एक मोबाईल आहे असं धरलेलं आहे. मेळघाटातल्या माझ्या गावात तेव्हा फोन लावायला टेकडी चढावी लागायची. रेकॉर्ड केलेला तास उतरवणार कुठून?

मी अमरावतीला आदिवासी मुलांच्या वसतिगृहात राहून शिकत होतो. मार्चमध्ये घरी पाठवलं. पुढे कितीतरी ठिकाणी वसतिगृहांचीच कोविड केअर सेंटरं झाली, आमच्या खाटांवर पेशंट झोपले. ते बरोबरच होतं, पेशंटना कुठंतरी ठेवायलाच हवं होतं. पण आमची सोय कुठं, हे आदेशात नव्हतं. आम्हाला खोली गेली की कॉलेज गेलं. फेब्रुवारी २०२१मध्ये निम्म्या हजेरीनं उघडलं ते शहरात घर असलेल्यांसाठी. गावांच्या पाळ्या लावून माझ्या गावाची पाळी सोमवारी आली असती तर मी निघालो असतो रविवारी, आणि झोपलो असतो कुठं?

खडू_फळा

धारणीच्या भाऊंचं माझ्या मागणीत नव्हतंच, हे खरं. मी जाऊन-येऊन करणाऱ्या मुलांचाच विचार केला, कारण माझ्यासमोर तेच बसतात. वसतिगृह घ्यायचं असेल तर त्याच दिवशी पर्यायी खोली द्यायची, हे मागणीत पहिलं यायला हवं. लॅबचंही मान्य.

'रात्रीचा तास' ताई, तुमच्याशी मात्र मी अजून भांडणार. तुमचं रेकॉर्डिंगबद्दलचं सगळं बरोबर आहे. मीही त्या वेळी केलेले तास फोनमध्ये जागा नाही म्हणून पुसून टाकले, आज ते करायला नको होतं असं वाटतं. पण 'फार तर वर्षभर लांबलं असतं' हे तुम्ही किती सहज लिहिलंत. त्या एका वर्षात दुसरं वर्ष पास होतं, तिसऱ्याचा फॉर्म भरला जातो, आणि पदवीला सहा महिने उरलेल्या मुलीबद्दल सोयरीक करणारेही 'पेपर होऊ द्या' म्हणतात. मी अशी लग्नं थांबलेली पाहिली आहेत. मला ते एक वर्षच हवं आहे.

रात्रीचा_तास

माझ्याबाबतीत कोणी 'पेपर होऊ द्या' म्हटलं असतं की नाही, मला सांगता येत नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

आरोग्य_सेवक

जानेवारीतल्या निवडणुकीचं उत्तर माझ्याकडे नाही. आम्हीच बूथवर थर्मल गन घेऊन उभे होतो.

आणखी एक आठवलं ते सांगतो. १५ सप्टेंबर २०२०पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली, तेव्हा आमच्या भागात तुमच्या रासेयोची (राष्ट्रीय सेवा योजनेची) पोरं-पोरी आमच्याबरोबर ऑक्सिमीटर घेऊन घरोघर फिरली. ती शंभर घरं फिरू शकत होती आणि एका वर्गात अंतर ठेवून बसू शकत नव्हती, हे मलाही तेव्हा खटकलं होतं. बोललो नाही, कारण माझं कोणी विचारलं नव्हतं.

तालुक्याच्या बैठकीला तहसीलदार, बीडीओ, ठाणेदार आणि आमचे आरोग्य अधिकारी असायचे. कॉलेजकडून कोणी आलेलं मला तरी आठवत नाही. कॉलेजचा विषय निघायचा तो इमारत किती खाटांची, एवढ्यापुरता. प्राचार्यांना त्या बैठकीत बसवा, वसतिगृहाची, लॅबची आणि या सरांच्या मानधनाची यादी घेऊन. पहिले पंधरा दिवस मात्र दार बंदच राहील, त्यात मी हटणार नाही. सोळाव्या दिवशी या आणि माझ्याशी भांडा. गावात ताप असेल तर मी तेव्हाही नाहीच म्हणेन.