चर्चा: काँक्रीटचा हट्ट सोडा, उन्हाळ्यात भेगा भरा

तापीकाठ (चोपडा): ग्रामसभा कुठलीही असो, मागणी एकच, काँक्रीट रस्ता. माझं मत उलटं आहे. काँक्रीटच्या खर्चाच्या किरकोळ भागात, पाऊस लागायच्या आत डांबरी रस्त्याच्या भेगा भरल्या, तर निम्मे खड्डे पडणारच नाहीत. भेगेतून पाणी खाली उतरतं, खडीचा थर मऊ होतो, वरून चाकं गेली की चिखल वर येतो आणि डांबराचा पापुद्रा सुटतो. मे महिन्यात गरम डांबर ओतून जे काम भागतं, त्यासाठी ऑगस्टमध्ये खडी, मजूर, रोलर सगळं लागतं.

घडवाला (रावेर): भाऊ, मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ला टेकतो. भरलेलं डांबर टायरला चिकटून निघून जाईल. खाली काळी जमीन, पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते. किती भेगा भरणार? खराब रस्त्यावर ट्रकमधल्या खालच्या केळीच्या घडांना मार बसतो, व्यापारी तिथेच भाव पाडतो. काँक्रीट एकदाच करा आणि मोकळे व्हा.

जुना मिस्त्री: काळ्या जमिनीवर काँक्रीटही फाटतं. खाली मुरमाचा थर दाबून घेतला नाही, सांधे वेळेवर कापले नाहीत की पहिल्या दोन पावसाळ्यांत तडे. आणि पाणी मारायचं कोणी? गावात प्यायलाच टँकर, तिथे काँक्रीटला कोण पाजणार?

तापीकाठ यांचंही अर्धंच खरं. सुटी लांब भेग भरता येते, साधं डांबर चिकटतं म्हणून रबर मिसळलेलं घ्यायचं, वर थोडी कच टाकायची. पण मगरीच्या पाठीसारखं जाळं पडलं असेल तर खालचा थर गेलाय. तिथे डांबर ओतणं म्हणजे निव्वळ रंगरंगोटी.

खड्ड्यावरच्या पॅचचं सांगतो. कडा उभ्या, चौकोनी कापायच्या. सुटा माल आणि धूळ काढायची. तळाला आणि कडांना इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळलेलं पातळ डांबर, मारायचं. ते आधी तपकिरी दिसतं, काळं पडेपर्यंत थांबायचं. घाईत सगळे इथेच चुकतात, ओल्या इमल्शनवर माल टाकतात. खड्डा खोल असेल तर थराथरानं भरायचा, प्रत्येक थर दाबायचा.

साक्रीकर: आमना गावले डांबर येस ते पावसायामाच!

तापीकाठ (चोपडा): 😄 मिस्त्री, जाळीचं मान्य.

नवापूरचा मास्तर: पण भर पावसात पडलेल्या खड्ड्याचं काय? दिवाळीपर्यंत मोटारसायकलवाल्यांनी हाडं मोडून घ्यायची? मुरूम टाकला की चार दिवसांत चिखल. त्यापेक्षा पिशवीतला कोल्ड मिक्स, म्हणजे न तापवता टाकायचा डांबर-खडीचा तयार माल, परवडतो. किलोमागे महाग, पण प्लांट नको, माल गरम ठेवायची धावपळ नको. आमच्या सातपुड्याच्या पायथ्याला गरम माल पोचेपर्यंत निवून गेलेला असतो.

घडवाला (रावेर): म्हणजे पुन्हा ठिगळंच!

गिरणामाई: खरा घाव डंपरचा आहे. वाळूनं वरपर्यंत भरलेला डंपर गावरस्त्यावरून रात्री पळतो. अमेरिकेत १९५८ ते ६० मध्ये रस्त्यांवर मुद्दाम ट्रक फिरवून चाचणी झाली होती. तिच्यातून निघालेला ढोबळ हिशोब असा की एक्सलवरचा, म्हणजे चाकं जोडणाऱ्या दांड्यावरचा, भार दुप्पट झाला की झीज सोळापट. आपल्याकडे २०१८ मध्ये चार टायरच्या एक्सलची कायदेशीर मर्यादाच १०.२ वरून ११.५ टन केली. त्याच हिशोबानं झीज दीडपटीच्या वर गेली, ओव्हरलोड सोडूनच द्या. डंपर अडवल्याशिवाय भेगा भरा नाहीतर सोनं ओता.

तापीकाठ (चोपडा): डंपर अडवाच. पण एक कडू गोष्ट, साइडपट्टी आपणच खातो. डांबराच्या काठापर्यंत नांगर जातो, रस्त्याकडेची पाण्याची चारी बुजते, शेतातलं पाणी रस्त्यावर थांबतं. ती चारी मोकळी करायला फक्त फावडी लागतात.

घडवाला (रावेर): शेतकऱ्यावर ढकलू नका. चारी उकरून मातीचा ढीग काठावर सोडला तो ठेकेदारानं, आम्ही नाही.

जुना मिस्त्री: दोन्ही होतं, मी दोन्ही पाहिलंय. घडवाला, तुमचा रस्ता पंतप्रधान ग्रामसडक योजनेतला आहे का? असेल तर काम झाल्यापासून ५ वर्षं देखभाल त्याच ठेकेदाराकडे असते. पॅचचे पैसे ग्रामपंचायतीनं घालायचं कारण नाही. रस्त्याच्या तोंडाशी लावलेल्या फलकाचा फोटो टाका.

घडवाला (रावेर): फलक ट्रॅक्टरनं वाकवलाय, पण तारीख वाचता येते. उद्या टाकतो. ५ वर्षं उलटली असली तर मात्र मी काँक्रीटवरच ठाम.