ऑफिसच्या ईपीएबीएक्सवर (अंतर्गत फोन एक्स्चेंजवर) एलसीआर (लीस्ट कॉस्ट राउटिंग, म्हणजे कॉल स्वस्त लाइनने पाठवणं) चालू करावं का? सल्ला हवा आहे

शिरोलीकर
नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री आहे. ऑफिस आणि शॉप फ्लोअर मिळून २४ एक्स्टेन्शन, बाहेर जायला चार अ‍ॅनालॉग लाइन आणि एक एसआयपी ट्रंक (इंटरनेटवरून चालणारी लाइन). चाकण, राजकोट, कोइमतूरला रोज फोन असतात, महिन्यातून चार-पाच वेळा शारजाला. बिलं आजवर बाबा बघायचे, आता माझ्याकडे आलीत. ईपीएबीएक्सवाला म्हणतो, चार सिमचा जीएसएम गेटवे (ऑफिसचे कॉल मोबाइल सिमवरून पाठवणारं यंत्र) बसवा, एलसीआर चालू करतो, मशीन आपोआप स्वस्त रस्ता शोधेल. पण मशीनला दर कळतात कसे? आणि खरंच बिल कमी होतं का?

तारवाला
मशीनला दर कळत नाहीत. आपण भरलेला तक्ता ते वाचतं, एवढंच. फिरवलेल्या नंबरचे सुरुवातीचे आकडे ताडून बघतं आणि ज्या ओळीशी जास्तीत जास्त आकडे जुळतात ती ओळ धरतं. ०० ची एक ओळ आणि ००९७१ ची दुसरी असेल, तर तुमचा शारजाचा फोन दुसरीने जाणार. मग त्या एक्स्टेन्शनला परवानगी आहे का, वेळ कोणती, हे बघून ट्रंक (बाहेर जाणारी लाइन) निवडतं. ती बिझी असली तर पुढची.

जाता जाता आकडे कापणं-जोडणंही त्याच तक्त्यात असतं आणि निम्मी दुखणी तिथेच निघतात. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लागतं. म्हणजे तोच नंबर अ‍ॅनालॉग लाइनवर शून्यासकट पाठवायचा, आणि एसआयपीवर तुमचा प्रोव्हायडर मागेल तसा. प्रत्येक ओळीत नंबरची लांबीही भरून घ्या. नाहीतर अजून आकडा येईल म्हणून मशीन थांबून राहतं आणि लोक लाइन बंद समजून फोन ठेवून देतात.

अमुक आकड्यांनी सुरू होणारा मोबाइल अमुक कंपनीचा, अशा ओळी कुणी भरायला लागला तर थांबवा. २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, त्यामुळे आकड्यांवरून कंपनी ओळखता येत नाही.

मीनल_नाशिक
मी ट्रान्स्पोर्ट ऑफिसचं काम बघते. आमच्याकडे सिमवरून कॉल जायला लागले तेव्हा समोरच्याला ऑफिसचा नंबर न दिसता सिमचा दिसायचा. ओळखीचा नाही म्हणून निम्मे लोक उचलायचे नाहीत. ज्यांनी उलट फोन केला, त्यांचा कॉल गेटवेवर येऊन नुसता वाजत राहिला, कारण सिम पोर्टचं इनकमिंग कुणी ऑपरेटरला जोडलंच नव्हतं. गाड्यांच्या बुकिंगचे फोन होते ते. मला अजून वाईट वाटतं. दादा, पैसे देण्याआधी हे स्वतः उभं राहून करून घ्या. सिमही कंपनीच्या नावावर घ्या, घरगुती अनलिमिटेड प्लॅनच्या अटी धंद्याच्या वापराला चालत नाहीत.

जुनी_लाइन
एसटीडीला रात्री उशिरा पाव दर लागायचा, अंतराप्रमाणे दर बदलायचे, तेव्हा एलसीआरमधला वेळेचा रकाना सोन्यासारखा होता. २००६ साली वन इंडिया प्लॅन आला, देशभर एक रुपया मिनिट, आणि अंतराचा मुद्दा संपत गेला. १ जानेवारी २०२१ पासून कंपन्यांनी एकमेकींना द्यायचा कॉल टर्मिनेशनचा (दुसऱ्या कंपनीचा कॉल पोचवण्याचा) आकारही शून्य झाला. देशातल्या कॉलसाठी आता पल्स बघा, म्हणजे किती सेकंदांच्या टप्प्याने पैसे लागतात ते. समजा एका ट्रंकवर मिनिटाला ५० पैसे पण पल्स ६० सेकंदांचा, आणि दुसऱ्यावर सेकंदाला १ पैसा. २० सेकंदांचा कॉल पहिल्यावर ५० पैशांना, दुसऱ्यावर २० पैशांना. मिनिटाचा भाव बघितला तर पहिलाच स्वस्त वाटतो. म्हणून आधी महिन्याचा सीडीआर (मशीनमधली प्रत्येक कॉलची नोंद) काढा, तुमचे कॉल किती लांबीचे आहेत ते बघा.

शिरोलीकर
सर्वांचे आभार. सीडीआर काढला. निम्म्याहून जास्त कॉल अर्ध्या मिनिटाच्या आतले आहेत, 'माल निघाला का' एवढंच विचारणारे. पण अ‍ॅनालॉग लाइनवर न उचललेले कॉलही ४० सेकंदांचे दिसतात. असं का?

तारवाला
त्या लाइनवर रिव्हर्सल (फोन उचलल्यावर लाइनची पोलॅरिटी उलटण्याची खूण) नसणार. पलीकडे फोन उचलला हे मशीनला कळत नाही, मग ते डायल केल्यापासूनच मोजत राहतं. ते आकडे हिशेबात धरू नका, टेलिफोन कंपनीचं तपशीलवार बिल मागवा.

जुनी_लाइन
आणि ११२, १०८ एलसीआरमध्ये घालू नका. फाउंड्री आहे तुमची, भट्टीजवळच्या फोनवरूनही हे नंबर लागले पाहिजेत. अ‍ॅनालॉग लाइन आधी, ती बिझी असेल तर मिळेल ती. इंटरनेट गेलं तरी ती चालू राहते, म्हणून चारातल्या दोन तरी ठेवा.

शिरोलीकर
हे मला सुचलंच नव्हतं, काका. आता असं ठरवलंय: चार सिमऐवजी दोनच, तीही चाकण-राजकोटच्या मोबाइलसाठी. शारजा एसआयपीवर. ०० फक्त माझ्या आणि परचेसच्या एक्स्टेन्शनला, बाकी सगळीकडे बंद. सोमवारी माणूस येतोय.

मीनल_नाशिक
तो असतानाच स्वतःच्या मोबाइलवर प्रत्येक ट्रंकवरून एकेक कॉल लावून बघा, आलेल्या नंबरवर उलट फोन करा, आणि दोन्ही सिम बिझी ठेवून तिसरा कॉल कुठून जातो ते पाहा. त्यानंतरच त्याच्या कागदावर सही करा.